गोलपोस्टातले दोन साहेब

"एवढी उंच कमान अन् नुसतीच मोकळी? सायबाचा फोटो न्हाई लावला तर लोक काय म्हनतील बे आपल्याला?"

शिडीच्या टोकावरचा माणूस खालच्याला म्हणाला. खालच्याच्या एका हातात शिडी होती, दुसऱ्या हातात सुतळीचा गुंडा. त्याने मान वर केली.

"अन् ती पल्याडची कमान?"

"ती त्यांची, ही आपली. काल सांजच्यालाच ठरलंय की."

मी जवळच उभी होते, काखेत नारिंगी प्लास्टिकच्या शंकूंची चळत धरून. ते दोघं जिला कमान म्हणत होते तो रग्बीचा गोलपोस्ट होता. इंग्रजी एच अक्षरासारखा: दोन्ही बाजूंना उंच खांब आणि मधे एक आडवा दांडा. बॉल त्या दांड्याच्या वरून, दोन खांबांच्या मधून गेला की गुण मिळतात. म्हणजे अख्ख्या मैदानात मोकळीच ठेवायला हवी अशी एक जागा होती, आणि फोटोसाठी त्यांनी नेमकी तीच निवडली होती.

माझ्या गळ्यात कार्ड होतं. त्यावर 'संपर्क अधिकारी' असं छापलेलं होतं. मी घसा खाकरला. दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"काय ताई?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि संपर्क तिथेच संपला.

त्यांनी फ्लेक्स ताणून बांधला. मधोमध भरघोस मिशा असलेले साहेब हात जोडून उभे, खाली शुभेच्छुकांचे बारके बारके चेहरे, आणि वर 'आंतरराष्ट्रीय पाहुण्यांचे सहर्ष स्वागत'. मी वळून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिकडच्या गोलपोस्टात दुसरे साहेब चढत होते. त्यांना काळा गॉगल होता. दोन्ही साहेबांचं एकमेकांशी जमत नाही हे अंबाजोगाईतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आता ते मैदानाच्या दोन टोकांवरून एकमेकांना नमस्कार करत होते.

मी मामाला फोन लावला. तो पाहुण्यांच्या बसमागे धावत असणार. त्याने उचलला नाही.

माझा मामा इथल्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक आहे. मूळचा कबड्डीचा. काही वर्षांपूर्वी तो कसल्याशा प्रशिक्षणाला गेला आणि येताना लांबुडका बॉल घेऊन आला. सुरुवातीला लोक त्याला 'पपईवाले सर' म्हणायचे. त्याने कुणाचं ऐकलं नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या ज्या मुली मागे वसतिगृहात राहतात, त्यांना जमवून त्याने संघ केला. बॉल काखेत मारून सुटायचं आणि कुणी कमरेला मिठी घातली तरी सोडायचा नाही, हे त्या मुलींना फारसं शिकवावं लागलं नाही, असं तो सांगतो. नियम मात्र शिकवावे लागले. बॉल हाताने पुढे टाकायचा नाही, नेहमी मागेच द्यायचा, हे ऐकून एक मुलगी म्हणाली होती, "मग फुडं कवा जायचं सर?"

ही स्पर्धा आमच्याकडे आली तीही मामाच्या 'हाय' म्हणण्यामुळे. आशियातल्या चार देशांच्या शाळकरी मुलींचे संघ, एका बाजूला सातच खेळाडू असलेल्या छोट्या मॅचेस. आधी सगळं एका मोठ्या शहरात ठरलं होतं. तिथल्या मैदानात पाणी साचलं आणि ते काही हटेना. मग वरून फोन सुरू झाले. मोठा दवाखाना जवळ आहे का? हाय. हे खरंच होतं, सरकारी दवाखाना मैदानापासून हाकेच्या अंतरावर. शंभर मुलींना राहायला खोल्या? हाय. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहं रिकामीच असतात. बर्फ मिळेल का? हाय. तो कुल्फीवाल्याकडे होता. गवताचं, दगड नसलेलं मैदान? मामा क्षणभर थांबला म्हणे, आणि मग त्यालाही हाय म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे ओळीने वाकून मैदानातले दगड वेचत होतो.

एखादा देश आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवतो म्हणजे काय करतो, याचं माझ्या डोक्यातलं चित्र टीव्हीवरून आलेलं. काचेच्या इमारती, सूट घातलेली माणसं, भिंतीएवढे पडदे. प्रत्यक्षात देश म्हणजे मामा, मामाचा फोन आणि त्या फोनवरून जमलेल्या समित्या. स्वागत समिती, भोजन समिती, मंडप समिती, पाणी समिती, आणि एक नुसतीच 'व्यवस्था समिती', जिचं काम कुणालाच माहीत नव्हतं आणि जिच्यात सर्वांत जास्त माणसं होती. आमच्याकडे गावोगाव सप्ताह होतात. सात दिवस हजारो माणसं जेवतात आणि आठव्या दिवशी तिथे एक पत्रावळसुद्धा दिसत नाही. त्यामुळे चार देश येणार हे ऐकून भोजन समितीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी विचारलं, "माणसं किती अन् दिवस किती?" उत्तर ऐकून ते म्हणाले, "एवढंच व्हय?" आणि थोडे नाराज झाले.

मला मामाने ओढलं ते इंग्रजीसाठी. "बापानं एवढं इंग्लिश मीडियमला घातलं, कवा कामाला येनार ते?" माझी गोष्ट अशी आहे की शाळेत मराठी बोलले की बाई रागवायच्या आणि घरी इंग्रजी बोलले की भावंडं हसायची. म्हणून मी दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले. दिसतं सगळं, ऐकू येतं सगळं, फक्त बोलायचं राहतं. मामाला मी सांगितलं की मला माणसांत बोलता येत नाही. तो म्हणाला, "बोलायचं कुठं हाय? त्यांचं इकडं सांगायचं, इकडचं त्यांना सांगायचं. तू मधली." ते मला पटलं. मधल्या माणसाकडे कुणी बघत नाही.

मला ज्यांच्यासोबत राहायचं होतं त्या मॅच कमिशनर बाई मलेशियाच्या होत्या. मैदान, खेळाडूंची सोय, डॉक्टर, वेळापत्रक, सगळं त्या तपासणार, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय मॅच सुरू होणार नाही. बुटक्या, काटक, केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या, कारण त्याही कमी बोलायच्या. पण पहिल्याच जेवणात माझी मधली जागा डळमळली. मॅडमनी पोट भरलं म्हणून ताटावर हात धरला. मी वाढणाऱ्या काकूंना सांगितलं, "त्या नको म्हणतायत."

"लाजत्यात त्या," काकू म्हणाल्या आणि पुरणपोळी मॅडमच्या बोटांवरच ठेवली. वरून तूप.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तू त्यांना नक्की काय सांगितलंस?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"तुम्ही नको म्हणालात असं."

"आणि त्यांना काय ऐकू आलं?"

"की तुम्ही चांगल्या घरच्या आहात," मी म्हणाले. मॅडम इतक्या हसल्या की पोळी ताटात पडली, आणि काकूंनी ती आवडल्याची खूण समजून दुसरी वाढली.

आता, शिडीवरची माणसं उतरून गेल्यावर थोड्या वेळाने, याच मॅडम मैदान तपासायला आल्या. बाजूच्या रेषा पाहिल्या. फक्कीने मारलेल्या त्या रेषा सरळ होत्या. कोपऱ्यातली निशाणं पाहिली. गोलपोस्टाच्या खांबांना गुंडाळलेल्या गाद्या दाबून पाहिल्या. त्या वसतिगृहातल्याच होत्या आणि एकीवर अजून फुलाफुलांचा अभ्रा होता. मग त्यांनी हळूहळू मान वर केली.

"हे गृहस्थ कोण?" त्यांनी मला विचारलं. "आणि माझ्या गोलमध्ये काय करतायत?"

"इथले नेते आहेत. स्वागत करतायत."

"आणि तिकडचे?"

"दुसरे नेते."

"एकाच पक्षाचे?"

मी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सध्या नाहीत."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. "आमच्याकडेही असे चेहरे लावतात. पण दिव्याच्या खांबांवर. काढायला सांग."

बोलायला हे दोनच शब्द होते. ते घेऊन मी मंडपात गेले. तिथे स्वागताध्यक्ष बसले होते, पांढरेशुभ्र कपडे, वडवणीकडे पन्नास एकर बागायत, मिशीवाल्या साहेबांचा उजवा हात. त्यांच्या शेजारी एक खुर्ची मोकळी सोडून कार्याध्यक्ष. ते ठेकेदार आणि गॉगलवाल्या साहेबांचे. स्पर्धेला दोन अध्यक्ष होते, कारण दोन साहेब होते. गोलपोस्टही दोन होते. त्यामुळे आदल्या दिवशी हिशेब इतका सुंदर जुळला होता की सगळ्यांनी चहा मागवला होता.

मी निरोप सांगितला. स्वागताध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काढू की," ते म्हणाले. "पाव्हण्यांच्या शब्दाबाहेर आपण हाय का? पयले त्यांना काढायला लावा."

कार्याध्यक्षांनी मोबाइलवरून नजर न काढता म्हटलं, "आमचं कायबी म्हननं न्हाई. त्यांचा उतरला की आमचा उतरला."

"तुमचा कावून न्हाई पयले?"

"आमचा नंतर चढलाय. जो पयले चढला तो पयले उतरंल."

"असं कुठं असतंय? नंतरचा पयले उतरतोय! शिडीवरून माणसं उतरत्यात तशी."

यावर मंडपात खरोखरीची चर्चा सुरू झाली. माणसं शिडीवरून कोणत्या क्रमाने उतरतात याची काहींनी हाताने प्रात्यक्षिकं दाखवली. तेवढ्यात मामा आला. घामाने निथळत होता. मी त्याच्या कानात सांगितलं. त्याने मैदानाकडे पाहिलं, एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, आणि जवळच्या पाण्याच्या जारवर मटकन बसला.

"एकाच टायमाला काढा ना दोन्ही," तो म्हणाला.

"काढू की," स्वागताध्यक्ष म्हणाले. "पण इशारा कोन करनार? तुमी? तुमचे संस्थेचे अध्यक्ष कोनाचे हायत ते समद्या गावाला ठावं हाय."

मामाने बाहीने तोंड पुसलं. त्याची नोकरी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या त्याच अध्यक्षांच्या हातात होती.

मी मॅडमकडे आणि मंडपाकडे अशा फेऱ्या मारू लागले. इकडचे प्रस्ताव तिकडे. फ्लेक्स उलटा केला तर? साहेबांची पाठ पाहुण्यांकडे? शक्य नाही. गुंडाळून दांड्यावर ठेवला तर? साहेबांना गुंडाळता? वरून पांढरं कापड टाकलं तर? यावर दोन्ही बाजूंनी एकदमच "शुभ बोला!" असा ओरडा झाला. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते तेवढंच. मग व्यवस्था समितीतल्या एकाला मार्ग सुचला.

"फोटो आणखी वर सरकवू. खांबाच्या पार वर. बॉल खालून जाऊ द्या."

मी मॅडमना विचारलं. त्यांनी नियम सांगितला: खांब संपले तरी गोल संपत नाही. दोन्ही खांब मनातल्या मनात सरळ वर वाढवायचे. बॉल कितीही उंचावरून गेला तरी त्या दोन रेषांच्या मधून गेला पाहिजे.

"म्हणजे वर कुठपर्यंत?" मंडपातून प्रश्न आला.

"आभाळापर्यंत," मी म्हणाले.

सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं. तिथेही साहेबांना जागा नव्हती.

हसू आवरायला मी मंडपामागे गेले. तिथे आमच्या मुली बसल्या होत्या. पाहुण्यांच्या स्पर्धेआधी त्यांची आणि नेपाळच्या मुलींची एक मैत्रीची मॅच ठेवली होती. मामाने तेवढी एकच गोष्ट हट्टाने मागून घेतली होती. मुलींनी नवे निळे टीशर्ट घातले होते आणि बसल्या जागी पाय हलवत होत्या. नेपाळच्या मुली स्वागतात बांधलेले गुलाबी फेटे काढायलाच तयार नव्हत्या. फेटे घालून त्यांचा सराव चालला होता. कुणी कुणाला धरलं की फेटा सुटून मैदानभर पसरायचा आणि खेळ सोडून सगळ्या तो गुंडाळायला धावायच्या.

आमची कॅप्टन वडवणीजवळच्या एका तांड्यावरची. सतरा वर्षांची असेल. तिच्या मागे तिची आई बसली होती. अंगावर दिवाळीची साडी, जवळ बांधलेलं गाठोडं.

"बाई, कवा सुरू व्हायचं?" तिने मला विचारलं. "आमची टोळी आज निघायलीय. मुकादम म्हनला, दुपारच्याला गाडी येतीय. म्या म्हनलं, पोरीचा खेळ बघते अन् मंग बसते गाडीत. चार वर्सं झाली खेळती म्हनत्यात. म्या एकदाबी न्हाई बघितली. दरसाल खेळ असतोय तवा आमी उसाच्या फडात."

कॅप्टन आईकडे न बघता म्हणाली, "होतंय आता. गप बस ना तू."

मग ती उठून माझ्यापाशी आली. "ताई, ती मॅडम काय म्हनली? खरं सांगा."

मॅडम काय म्हणाल्या होत्या ते मी अजून मामालाही सांगितलं नव्हतं. माझ्या मागच्या फेरीत त्यांनी घड्याळ पाहिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या की अजून अर्धा तास थांबतील. तोवर दोन्ही गोल मोकळे झाले नाहीत तर संघांना बसमध्ये बसवून पुण्याला नेतील. तिथलं मैदान तयार आहे असं त्यांना कळवण्यात आलं होतं. त्या चिडल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "मला इथेच खेळवायचं आहे," त्या म्हणाल्या होत्या. "पण माणसाच्या चेहऱ्यातून बॉल गेला की नाही हे मी ठरवू शकत नाही."

मी कॅप्टनला सगळं सांगितलं. तिने आईकडे पाहिलं, आईच्या गाठोड्याकडे पाहिलं, मग बॉल उचलून मिशीवाल्या साहेबांच्या गोलसमोर जाऊन उभी राहिली. मीही तिच्यामागे गेले. तिने बॉल दोन्ही हातांत धरला, एक डोळा बारीक केला.

"ताई, हितनं मारला तर बरोब्बर मिशीवर बसतोय बगा. मारू का?"

माझ्या पोटातून हसू असं वर आलं की मी तोंडावर हात दाबला. मामा लांबून पळत आला आणि तिच्या हातातला बॉल त्याने हिसकावून घेतला.

"येडी झालीस का गं! सायबाला पायानं मारती? बुटानं? माझी नोकरी घालवतीस का?"

"सर, मॅचमंदी मारायचाच हाय की."

"मॅचमंदी मारायचा ते..." मामा म्हणाला आणि मधेच थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

आम्ही दोघांनी एकाच वेळी फ्लेक्सकडे पाहिलं. मंडपातल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं. त्यांच्या लेखी तो फोटो खेळाच्या आड येणारी वस्तू होता, पाहुण्या बाईंची काहीतरी तक्रार होती. रग्बीत गुण घ्यायला बॉल पायाने मारतात, तो याच जागी मारतात, आणि आज दिवसभर चार देशांच्या मुली खिळ्याचे बूट घालून आधी या साहेबांवर आणि मध्यंतरानंतर बाजू बदलून त्या साहेबांवर नेम धरणार आहेत, हे चित्र कुणाच्याही डोळ्यांपुढे आलेलं नव्हतं. त्यात सगळं मोबाइलवर थेट दिसणार होतं. अंगणवाडीच्या पोराचा चुकून पाय लागला तर पाया पडायला लावणारी आमची माणसं.

"मामा, सांग ना त्यांना," मी म्हणाले.

"म्या?" मामाने बॉल छातीशी धरला. "म्या सांगितलं तर म्हनतील, सर धमकी देतोय. म्या ह्या साहेबांचं नाव आधी घेतलं तरी मेलो, त्या साहेबांचं घेतलं तरी मेलो. हितं समदे कोनाचे ना कोनाचे हायत." मग तो माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागला. "तू कोनाची हाइस?"

"म्हणजे?"

"म्हंजे तू कोनाचीच न्हाइस! दोन वर्सं झाली शिकून आलीस, कोनाशी बोलली न्हाइस, कोनाच्या स्टेजवर गेली न्हाइस. समद्या तालुक्यात तू कोनत्या गटाची हे कोनाला ठावं न्हाई. पोरी, असं मानूस शोधून सापडत न्हाई!"

माझं गप्प बसणं कुणाच्या उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला इतकं हसू येत होतं आणि इतकी भीती वाटत होती की दोन्हींतलं नक्की काय चाललंय ते कळेना. मामाने मला दंडाला धरून मंडपाकडे चालवलं. कॅप्टन मागून आली, तिच्यामागे निळ्या टीशर्टातल्या सगळ्या मुली, आणि काय चाललंय ते न कळताही फेटेवाल्या नेपाळी मुली.

माइक सूत्रसंचालकाच्या हातात होता. सकाळपासून वेळ काढायला तो शेरोशायरी करत होता आणि आता त्याची शायरी संपून तो पुन्हा पहिल्या शेरावर आला होता. माइक द्यायला लागला म्हणून तो कृतज्ञतेने माझ्या पाया पडायचाच बाकी राहिला. "आता आपल्यासमोर बोलणार आहेत..." तो म्हणाला आणि माझं नाव त्याला माहीत नसल्यामुळे तेवढ्यावरच थांबला.

मी माइक घेतला. तो कर्कश किंचाळला. मंडपातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. डावीकडे स्वागताध्यक्ष, उजवीकडे कार्याध्यक्ष, मधली खुर्ची अजून रिकामी. मागे बायकांच्या रांगेत कॅप्टनची आई गाठोडं काखेत धरून उभ्याने बघत होती. रस्त्याच्या बाजूला कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजला. तिने वळून तिकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मैदानात मॅडम हातातलं घड्याळ दुसऱ्या हाताने झाकून उभ्या होत्या.

मी डोक्यात एक छान वाक्य तयार केलं होतं. 'उपस्थित सर्व मान्यवरांना सविनय विनंती' असं सुरू होणारं. तोंड उघडलं तर त्यातला 'उपस्थित'सुद्धा निघाला नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "बोल की गं पोरी, पानी पाहिजे का?" कुणीतरी म्हणालं, "इंग्लिश मीडियमची हाय ती, तिला मराठी येत न्हाई." दोनचार जण हसले. स्वागताध्यक्षही हसले, आणि पहिल्यांदाच त्या दिवशी कार्याध्यक्षांनी त्यांच्याकडे बघून तसंच हसून मान हलवली.

ते दोघं एकत्र हसताना पाहिले आणि माझी भीती कुठे गेली कोण जाणे. आत फक्त हसू उरलं, फेसाळून वर येणारं, बाटली हलवून झाकण उघडल्यासारखं. मी कॅप्टनला जवळ बोलावलं. तिच्या पायातले बूट सगळ्यांना दिसतील अशी तिला पुढे उभी केली, तिच्या हातात बॉल दिला, एका टोकाच्या साहेबांकडे हात केला, मग दुसऱ्या टोकाच्या साहेबांकडे, आणि माइकमध्ये म्हणाले:

"रग्बीत बॉल लाथेनं मारतात आणि बरोबर फोटो लावलाय तिथंच मारतात. पोरी तयार आहेत. पहिला बॉल कोणत्या साहेबांच्या तोंडावर मारायचा, तेवढं फक्त ठरवून सांगा."